माळ्यावर टाकू नका: कूलर, मोबाईल, गाडी, पैठणी जास्त वर्षं चालवायच्या कशा आणि वेळेवर विकायच्या कशा

मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात शिडी लावून माळ्यावर चढा, एक बंद मिक्सर, दोन-तीन कीपॅडचे मोबाईल, पोराची लहानपणीची सायकल, पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि "राहू दे, कामाला येईल" म्हणून ठेवलेला एखादा पंखा सापडणारच. यातलं बरंचसं सामान वर गेलं तेव्हा शे-दोनशे रुपयांत दुरुस्त होण्यासारखं नाहीतर बऱ्या भावात विकण्यासारखं होतं, वर पडून पडूनच त्याची किंमत गेली. रबर कडक होतं, बॅटरी फुगते, उंदीर वायरी कुरतडतात आणि पाच वर्षांनी मॉडेल इतकं जुनं होतं की मेकॅनिक म्हणतो पार्टच येत नाही आता. माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू एकतर आपल्याकडं वापरात पाहिजे नाहीतर दुसऱ्याच्या घरी वापरात पाहिजे, माळा हा पर्याय धरूच नका.

खाली जे लिहिलंय ते आपल्याकडच्या परिस्थितीला धरून लिहिलंय, म्हणजे बोअरचं जड पाणी, मे महिन्यातलं 42-43 डिग्री, धूळ आणि कमीजास्त होणारी लाईट. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये या चारही गोष्टी धड सांगितलेल्या नसतात आणि आपल्या वस्तू मरतात त्या नेमक्या याच चारांनी.

आधी ठरवा, दुरुस्त करायचं का विकायचं का मोडीत काढायचं

वस्तू बंद पडली की लोक दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीशी ताडून बघतात. तो हिशोब चुकतो. ताडून बघायचं ते तीच वस्तू जुनी पण चालू हालतीत कितीला जाते त्याच्याशी. समजा मिक्सर चालू असला तर 800 ला जाईल, बंद असला तर भंगारवाला वजनावर शंभर-दीडशे देईल आणि दुरुस्तीला 200 लागणारेत, तर विकायचा असला तरी आधी दुरुस्तच करा. उलट वॉशिंग मशीनचं सर्किट बोर्ड 4000 चं आणि चालू जुनी मशीन 5000 ला जात असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, पण भंगारातही घालू नका, सरळ त्या मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकलाच विचारा. त्याला मोटार, ड्रम, झाकण, सगळं पार्ट म्हणून कामाचं असतं त्यामुळं तो भंगारवाल्यापेक्षा जास्तच देतो. ही गोष्ट लई लोकांना सुचतच नाही.

आणि बंद पडली म्हणजे मेली असं नसतं. मिक्सर अचानक बंद पडला तर आधी खालचं लाल बटण दाबून बघा, लोड जास्त झाला की ते बाहेर येतं. भांडं फिरत नाही पण मोटारचा आवाज येतो, तर बहुतेक वेळा कपलर झिजलेलं असतं, किरकोळ पार्ट आहे तो. ठिणग्या आणि जळका वास येत असेल तर कार्बन ब्रश. छताचा पंखा हळू फिरायला लागला की लोक नवा पंखा आणतात पण दहापैकी बऱ्याच वेळा कपॅसिटर गेलेला असतो, साधारण 2.5 एमएफडीचा, पन्नास-शंभर रुपयांत येतो आणि वायरमनला बसवायला पाच मिनिटं लागतात. कुकरची शिट्टी होत नाही तर गास्केट बदला. ते कंपनीचं खरं घ्या, ठेल्यावरचं नको, आणि सेफ्टी व्हॉल्व एकदा वितळला की त्याच्या जागी लाकडाची खुंटी नाहीतर स्क्रू ठोकण्याचे प्रकार करू नका.

पण सगळंच जपायचं असंही नाही. जुना पंखा 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी लाईट खाणाऱ्या मोटारीचा पंखा 30 वॅटच्या आसपास. आपल्याकडं पंखा दिवसाला 12 तास आणि वर्षातले आठ महिने चालतोच, तर एका पंख्यामागं वर्षाला साधारण 130 युनिट वाचतात, ते तुमच्या बिलातल्या दरानं गुणून बघा. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे त्यामुळं घेताना कळतंही. म्हणजे बेडरूममधला, रात्रभर चालणारा पंखा बदला, आणि तो निघालेला जुना पंखा देवघरात किंवा गोठ्यात, जिथं दिवसातून तासभरच चालतो तिथं लावा. पंधरा-वीस वर्षं जुन्या फ्रीजचंही तसंच, तो 24 तास चालतो, त्याच्या दुरुस्तीवर मोठा पैसा घालू नका.

कूलर

हे थोडं सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं कूलर नाही असं घर विरळा आणि सगळ्यात हेळसांडही त्याचीच.

होळी झाली की कूलर निघतो आणि मृगाचा पाऊस पडला की तसाच ओला कोपऱ्यात ढकलला जातो. खरं नुकसान तिथं होतं. टाकीत राहिलेलं दोन बोटं पाणी चार महिने पत्रा खातं आणि पुढच्या मार्चमध्ये तळाला भोक. त्यामुळं सीझन संपला की पाणी पूर्ण काढा, गवत काढून टाका, टाकी उन्हात दोन दिवस वाळवा, पंप काढून साध्या पाण्यात चालवून धुवून पुसून डब्यात ठेवा. पत्र्याचा कूलर असेल तर गंज खरवडून काढा, पॉलिश पेपर मारा, रेड ऑक्साईड लावा आणि वरून ऑइल पेंट, टाकीच्या आतून मात्र डांबरी काळा पेंट चांगला टिकतो. असं दरवर्षी केलं तर पत्र्याची बॉडी पंधरा वर्षं कुठं जात नाही, मोटार बदलली जाईल, पंप चार वेळा बदलला जाईल पण बॉडी तीच. विटांवर नाहीतर स्टँडवर ठेवा, फरशीला चिकटून ठेवला की तळ खालून पण गंजतो.

सीझनमध्ये काय करायचं ते बघा. कूलरमधून पाणी उडून जातं पण पाण्यातले क्षार टाकीतच राहतात. आपण रोज वरून पाणी टाकतो, ते उडतं, क्षार राहतात, परत टाकतो, परत राहतात, म्हणजे पंधरा दिवसांनी टाकीतलं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही कितीतरी जड झालेलं असतं आणि तेच गवतावर, पंपावर, पत्र्यावर पांढरं पांढरं होऊन बसतं. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. आता ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या भागात "पाणी ओतून द्या" म्हणणं बरं वाटत नाही, तर ते ओतू नका, फरशी पुसायला आणि संडासात वापरा, झाडांना मात्र घालू नका.

हनीकोंबचे, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचे पॅड असतील तर ते दरवर्षी बदलायचे नसतात. किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, बादलीभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे टाकून पॅड तास-दीड तास भिजत ठेवा आणि साध्या पाण्याच्या धारेनं धुवा. ब्रशनं घासू नका, आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको, हे पॅड कागदाचे असतात, लगदा होऊन हातात येतील. लाकडी गवत मात्र दर सीझनला नवंच टाका, महाग नसतं, जुन्या गवताला वासही येतो आणि हवा पण अडते.

आणि करंट. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येतेच. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नाही, एवढं पुरेसं असतं. थ्री-पिनच पाहिजे, घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, शक्य असेल तर 30 मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट आपोआप तोडणारा स्विच बसवा, आणि पाणी टाकताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. जुना कूलर विकताना नाहीतर कुणाला देताना हे आधी तपासा, वायर कुठं सोललेली असेल तर बदलूनच द्या.

बोअरचं पाणी जिथं जिथं जातं

गिझरच्या टाकीत एक मॅग्नेशियमचा रॉड असतो, मेकॅनिक त्याला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. त्याचं काम टाकीच्या ऐवजी आपण झिजून जायचं. जड पाण्यात तो भराभर संपतो आणि तो संपला की मग टाकी गंजायला लागते. वर्षातून एकदा उघडून बघायला सांगा, संपत आला असेल तर बदला, टाकी फुटल्यावर काहीच करता येत नाही. कॉइलवरचा खडू त्याच वेळी काढून घ्यायचा.

वॉशिंग मशीनला पाणी येतं त्या पाईपच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती रेतीनं आणि क्षारानं भरते आणि मशीन "पाणी येत नाही" म्हणून एरर दाखवते. मेकॅनिकला बोलवायच्या आधी नळ बंद करून पाईप काढा आणि ती जाळी जुन्या टूथब्रशनं साफ करा. महिन्या-दोन महिन्यांनी कपडे न टाकता लिंबूफूल टाकून एकदा गरम पाण्यावर मशीन फिरवा, पण त्याच वेळी ब्लीच टाकू नका, विषारी गॅस होतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं, आरओचं, पावसाचं काहीच नाही. टर्मिनलवर पांढरट-हिरवट साचलेलं पुसून थोडं व्हॅसलीन लावा. आणि घर बदलताना बॅटरी सहा महिने डिस्चार्ज अवस्थेत तशीच ठेवली तर ती आतून मरते, मग कितीही चार्ज करा धरत नाही. वापरायची नसेल तर लगेच विका.

लाईटचं थोडक्यात: लाईट जाऊन परत आली की फ्रीज आणि एसी लगेच सुरू होऊ देऊ नका, तीन-चार मिनिटं जाऊ द्या, टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर हे आपोआप करतो. खेड्यात डीपीवर काही झालं की व्होल्टेज एकदम पडतं नाहीतर चढतं, अशा वेळी टीव्ही, वायफाय, चार्जर यांचे प्लग काढून ठेवलेले बरे. फ्रीजच्या मागची काळी जाळी वर्षातून दोनदा झाडा, आपल्याकडच्या धुळीनं ती गच्च होते आणि कॉम्प्रेसर उगाच धावत राहतो. दाराचं रबर तपासायचं तर दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर रबर ढिलं.

मोबाईल

मोबाईलला मारते ती उष्णता. लिथियमची बॅटरी 45 डिग्रीच्या वर चार्ज करणं तिला मानवत नाही आणि आपल्याकडं पत्र्याच्या खोलीत, नाहीतर गाडीच्या हँडलला लावून उन्हात मॅप चालू ठेवून चार्जिंग म्हणजे तेवढं तापमान सहज होतं. दुपारी चार्ज करू नका, उशीखाली ठेवून तर नकोच, रात्री झोपायच्या आधी 80 टक्क्यांपर्यंत पुरे. आजकालच्या फोनमध्ये 80 ला थांबवायची सेटिंग असते, ती चालू करा. बॅटरी फुगून मागचं कव्हर उचललं गेलं असेल तर त्या दिवसापासून वापर बंद, ती दाबू नका, टोचू नका, दुकानात नेऊन काढून घ्या.

दोन-तीन वर्षांनी फोन "स्लो झाला" म्हणून बदलायच्या आधी बॅटरी बदलून बघा. काही फोन बॅटरी कमजोर झाली की स्पीड कमी करतात. संभाजीनगरात पैठण गेटला, लातूरला गंजगोलाईच्या आसपास नाहीतर तुमच्या तालुक्याच्या बसस्टँडजवळ कुणीतरी करून देतोच, फक्त बॅटरी कुठली टाकतोय ते विचारा आणि निदान तीन महिन्यांची गॅरंटी बिलावर लिहून घ्या.

विकायचा असेल तर हा क्रम पाळा. आधी फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप. मग यूपीआयच्या अ‍ॅपमधून आणि बँकेच्या अ‍ॅपमधून लॉगआउट, नुसतं अ‍ॅप उडवू नका. मग सेटिंगमध्ये जाऊन गुगल अकाउंट काढा, आयफोन असेल तर फाईंड माय बंद करा, आणि त्यानंतरच फॅक्टरी रिसेट. अकाउंट न काढता कुणी रिकव्हरीतून रिसेट मारला तर घेणाऱ्याला फोन तुमचाच पासवर्ड मागत बसतो आणि तो तुम्हाला रोज फोन करत बसतो. सिम आणि मेमरी कार्ड काढलं का ते एकदा परत बघा, ईसिम असेल तर तेही. स्क्रीनला तडा असेल तर विकण्यासाठी म्हणून स्क्रीन बदलू नका, तो खर्च सहसा वसूल होत नाही. तडा आहे असं सांगून कमी भावात द्या.

घेणाऱ्याकडून एका कागदावर नाव, तारीख, आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर) आणि सही घ्या. उद्या तो फोन कुठल्या भानगडीत सापडला तर तुमच्याकडं काहीतरी असलं पाहिजे.

कधी विकायचं, कुठं विकायचं

वेळ चुकली की भाव निम्मा होतो, एवढा फरक पडतो. कूलर महाशिवरात्र ते होळीच्या दरम्यान विका, लोक तेव्हाच शोधतात आणि मेकॅनिककडं रांग असते. घ्यायचा असेल तर गणपती ते दसऱ्यात घ्या, कुणालाही जागा मोकळी करायची असते. सायकल जूनमध्ये शाळेच्या तोंडावर. दसरा-पाडव्याला लोक नव्या गाड्या घेतात त्यामुळं त्यानंतरच्या आठवड्यांत जुन्या गाड्या बाजारात जास्त निघतात, घेणाऱ्याला तो काळ चांगला, विकणाऱ्याला नाही.

लातूरचा ट्यूशन एरिया, म्हणजे क्लासेसचा आणि पोरांच्या रूमचा भाग, हा तर स्वतःच एक मोठा जुना बाजार आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की हजारो पोरं-पोरी रूम सोडतात आणि कॉट, गादी, टेबल, टेबल लॅम्प, छोटा कूलर, इंडक्शन, मॉड्यूलचे (क्लासच्या पुस्तकांचे) गठ्ठे, सगळं दोन-चार दिवसांत मातीमोल भावात देतात कारण बाबा जीप घेऊन आलेले असतात आणि सामान मावत नसतं. जूनमध्ये नवीन बॅच येते आणि तेच सामान नवं विकत घेते. मधल्या महिनाभराची सोय केली तर दोघांचंही भलं आहे, म्हणजे जाणाऱ्यानं परीक्षेच्या महिनाभर आधीच रूमच्या ग्रुपवर, मेसवाल्या मावशींकडं, रूम मालकाकडं यादी फोटोसकट टाकून ठेवायची आणि "परीक्षेनंतर ताबा" असं ठरवून थोडं टोकन घ्यायचं. रूम मालकाला सांगून कॉट-टेबल तिथंच ठेवलं तर पुढच्या पोराला विकणं सगळ्यात सोपं, वाहतूक पण वाचते. नांदेडला क्लासेसच्या भागातही हेच जमतं. पुस्तकांचं मात्र लक्षात ठेवा, 2024 च्या परीक्षेपासून नीटचा अभ्यासक्रम बदललाय, त्यामुळं त्याआधीची मॉड्यूल घेताना-देताना कुठले धडे गळालेत ते बघून भाव करा.

संभाजीनगरजवळ वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला कंपनीत असणाऱ्यांच्या बदल्या, नोकरी बदल सतत चालू असतो, तिथल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फ्रीज, वॉशिंग मशीन, सोफा चांगल्या हालतीतले निघतात. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस आहेच, पण माझा अनुभव असा की आपल्याकडं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकलेली वस्तू लवकर जाते, ओळखीतला माणूस असतो, घासाघीस कमी होते आणि फसवणुकीची भीती नसते. सुटे पार्ट, हत्यारं, किरकोळ सामान यांच्यासाठी आठवडी बाजार बरा, संभाजीनगरात जाफर गेटचा रविवारचा बाजार त्यासाठी बघण्यासारखा आहे.

फोटो दिवसा, खिडकीजवळ काढा. वस्तू पुसून घ्या, मागं वाळत घातलेले कपडे दिसू देऊ नका. चालू असल्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाका, शंभर प्रश्न वाचतात. घेतल्याचं वर्ष, मॉडेल नंबर, बिल आहे का नाही, काय बिघाड आहे ते सरळ लिहा. दोष लपवला की माणूस घरी येऊन बघतो आणि मग त्या दोषाच्या दुप्पट भाव पाडतो. बिल आणि खोका जपून ठेवायची सवय लावा, बिल नाही म्हटलं की मोबाईलला तर लोक हातच लावत नाहीत. भाव ठरवताना तसल्याच वस्तूच्या जाहिरातींमध्ये लोक किती मागायलेत ते बघू नका, पंधरा दिवस लक्ष ठेवा आणि कुठल्या आकड्याला जाहिरात गायब होते ते बघा. इलेक्ट्रॉनिक वस्तूचा भाव पहिल्या वर्षातच कोसळतो. लोखंडी कपाट आणि सागवानी फर्निचर मात्र भाव धरून असतं, वाड्यातला जुना सागवानी पलंग जळणाच्या भावात कुणाला देऊ नका.

पैसे घेताना

समोरचा म्हणतो मी मिलिटरीत आहे, पोस्टिंग झालंय, वस्तू बघायची गरज नाही, पूर्ण पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा. तिथंच फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमचे पैसे गेले. "चुकून जास्त पाठवले, परत करा" हा दुसरा प्रकार, त्यात पैसे आल्याचा खोटा मेसेज येतो, त्यामुळं मेसेज बघू नका, बँकेचं अ‍ॅप उघडून बॅलन्स बघा आणि मगच वस्तू हातात द्या. फसलाच तर ताबडतोब 1930 ला फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. भेटायचं असेल तर चौकात, दिवसा. मोठी वस्तू बघायला लोक घरी येणारच, तेव्हा घरात एकटं कुणी नको.

टू-व्हीलर

गाडी विकली, चावी दिली, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) कोऱ्या सह्या करून दिल्या आणि मोकळे झालो, असं आपल्याकडं सर्रास चालतं. उद्या त्या गाडीचा अपघात झाला आणि इन्शुरन्स नसला तर आरसी बुकवर ज्याचं नाव त्यालाच कोर्ट मालक धरतं, सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून फॉर्म 29 आणि 30 पूर्ण भरून, विक्रीची तारीख टाकूनच सही करा, त्यांच्या झेरॉक्स स्वतःकडं ठेवा, आणि कायद्यानं विकणाऱ्यानंही 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं ते कळवा. गाडीवर लोन होतं आणि फिटलं असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन बोजा आधी उतरवून घ्या, नाहीतर ट्रान्सफर अडकतं. ट्रान्सफर होऊन आरसीवर नाव बदललेलं ऑनलाईन दिसेपर्यंत थोडे पैसे राखून ठेवायचे का, ते घेणाऱ्याशी आधीच बोला. मी तर विकताना स्वतः एजंटची फी भरून ट्रान्सफर करून देणं पसंत करतो, झोप नीट लागते.

घेणाऱ्यानं ऑनलाईन चलन किती थकलेत ते गाडी नंबर टाकून बघावं, एमएच 20 असो की 24 की 26, चलन गाडीच्या मागं लागतं. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली का तेही बघा.

जुनं घेताना

जुना मोबाईल घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, आयएमईआय दिसतो, तो बिलावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. मग इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर टाकून 14422 ला मेसेज करा, किंवा सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघा. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन परत ठेवून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

फ्रीज घ्यायला जाताना अचानक जा, म्हणजे तो आधीपासून चालू करून थंड केलेला नसेल तर कळेल. आणताना उभाच आणा, आडवा आणावाच लागला तर घरी उभा करून काही तास तसाच ठेवा आणि मग चालू करा. वॉशिंग मशीन पाणी भरून, स्पिनपर्यंत चालवूनच बघा. जुनं हेल्मेट, लहान बाळाच्या गाडीतली सीट आणि जुना गॅस पाईप या तीन गोष्टी मात्र सेकंडहँड घेऊ नका, बाहेरून काहीच कळत नाही.

वॉरंटीतल्या वस्तूच्या दुरुस्तीला कुणी टाळाटाळ करत असेल तर 1915 हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे. 2022 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं राईट टू रिपेअर नावाचं पोर्टल काढलंय, त्यावर बऱ्याच कंपन्यांची मॅन्युअल, सर्व्हिस सेंटर आणि पार्टची माहिती एका जागी मिळते.

कपडे, वाकळ, पैठणी, पितळ

आपल्याकडं जुन्या नऊवारीची वाकळ शिवायची पद्धत आहेच, वेगळं काही शिकवायची गरज नाही, फक्त आता शिवणाऱ्या बाया कमी होत चालल्यात. गावात कुणी शिवत असेल तर जुन्या सुती साड्या आणि धोतरं साठवून तिला द्या आणि मजुरी नीट द्या, चार दिवस पाठ मोडून बसावं लागतं. सिंथेटिक साडीची वाकळ उन्हाळ्यात टोचते, ती भांडेवालीला दिली तरी चालेल. जीन्स फाटली तर रफू, पोरांच्या शाळेचे ड्रेस खालच्या वर्गाच्या पालकांना, त्यात लाज कसली.

पैठणी मात्र वेगळी. मलमलच्या कापडात गुंडाळा, हँगरला लटकवू नका, दोन-तीन महिन्यांनी घडी बदला नाहीतर घडीवरच रेशीम फाटतं. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका आणि साडी नेसून वरून सेंट मारू नका, जर काळी पडते. घरोघरी फिरून जुनी जर घेणारे येतात, आजीची खऱ्या जरीची साडी त्यांना स्टीलच्या डब्यावर देऊन टाकणारी घरं मी बघितलीत. पदर आणि काठ चांगले असतील तर ते काढून नव्या कापडावर बसवून देणारे कारागीर मिळतात, पैठणला विचारा, नाहीतर त्याचाच दुपट्टा, ब्लाऊज होतो. खरंच विकायची असेल तर आधी सोनाराकडून जर चांदीची आहे का ते बघून घ्या.

पितळेची, तांब्याची भांडी मोडीत घालायची घाई करू नका. रोजच्या वापरातल्या भांड्याला वर्षातून एकदा कल्हई लागते, आतली चांदीसारखी चकाकी जाऊन पिवळं दिसायला लागलं की समजायचं. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, आमटी ठेवायची नाही. कल्हईवाला आता गल्लीत क्वचित येतो, आला की शेजारच्या चार घरांची भांडी एकदम काढा, त्यालाही परवडतं आणि तो परत येतो.

आणि शेवटी भंगार

वरचं सगळं करून जे उरेल ते भंगार. सगळं एका पोत्यात भरून देऊ नका, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, प्लास्टिक, रद्दी वेगवेगळं करा, एकत्र दिलं की सगळ्याचा भाव लोखंडाचा लागतो. जळालेल्या मोटारीत तांब्याची वायंडिंग असते, ती मोटार भरणाऱ्याकडं विचारल्याशिवाय काढू नका, बोअरची मोटार तर पुन्हा भरून कितीतरी वर्षं चालते. वायरी जाळून तांबं काढायचं नाही, तो धूर फार वाईट आणि काळ्या पडलेल्या तांब्याला भावही कमी येतो. आपल्याकडचं बरंचसं लोखंड शेवटी जालन्याच्या भट्ट्यांमध्ये जातं आणि सळई होऊन बाहेर पडतं, त्यामुळं लोखंडाचा भाव सळईच्या भावाबरोबर वर-खाली होतो, घरात जागा असेल तर पडत्या भावात देऊ नका.

ट्यूबलाईट, सीएफएल, फुगलेल्या मोबाईल बॅटऱ्या, सेल हे घंटागाडीत टाकायचं सामान नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेत आणि त्यात जुनं इलेक्ट्रॉनिक सामान परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, त्यामुळं नवी वस्तू घेताना दुकानदाराला "जुनी कुठं जमा करू" विचारायचा तुम्हाला हक्क आहे. इन्व्हर्टर आणि गाडीच्या बॅटरीला तर वजनावर चांगले पैसे मिळतात, नवी घेताना जुन्याचे किती कमी करणार ते बिल करायच्या आधी बोला, बिल झाल्यावर कुणी ऐकत नाही. आणि भंगारवाल्याच्या तराजूवर भरवसा नसेल तर घरचा लटकवायचा डिजिटल काटा ठेवा, पोतं त्याच्यासमोर एकदा त्यावर टांगून मगच त्याच्या काट्यावर ठेवायचं.